दुचाकीचा ब्रेक : घरी करावयाची तपासणी व निगा

बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैराग हे पंचक्रोशीतील खेड्यांचे बाजाराचे गाव. शाळेचे शिक्षक, ग्रामसेवक, दूध घालणारे शेतकरी यांची येथील रोजची ये-जा आता बहुतांशी दुचाकीवर चालते. १९७२ मध्ये लुना आली, १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि पाहता पाहता सायकलीची जागा मोटारसायकलीने घेतली. वाहन बदलले, परंतु त्याची निगा राखण्याची सवय मात्र त्याच वेगाने रुजली नाही. गाडी सुरू झाली नाही तर माणूस त्याच दिवशी मिस्त्री गाठतो. ब्रेक कमी लागू लागला तर मात्र तो पायावरचा जोर तेवढा वाढवतो.

या जोराला मर्यादा आहे, हे साध्या गणिताने दिसते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. समोर उसाची ट्रॉली दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढे अंतर सरते. त्यानंतर चांगल्या ब्रेकने गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर सुमारे २० मीटरमध्ये थांबू शकते. अशक्त ब्रेकने तेच अंतर ३० मीटरच्या पुढे जाते. मधले दहा-बारा मीटर म्हणजे ट्रॉली आणि तिच्यामागची मोकळी जागा यांतील फरक होय.

ग्रामीण भागातील बहुसंख्य गाड्यांना मागच्या चाकास ड्रम ब्रेक असतो. पॅडल दाबले की रॉड ओढला जातो, त्याबरोबर पॅनेलबाहेरील दांडा फिरतो आणि त्याच्या आतील टोकाचा चपटा कॅम दोन अर्धवर्तुळाकार शू ड्रमवर ढकलतो. शूवर चिकटवलेले लायनर झिजत गेले की कॅमला अधिक फिरावे लागते व पॅडल खाली जाऊ लागते. तेव्हा रॉडच्या टोकाचा नट दोन फेरे आवळला की पॅडल पूर्ववत होते. येथेच खरा घोटाळा आहे. नट आवळल्याने ब्रेक दुरुस्त होत नाही, त्याची झीज फक्त दृष्टिआड होते. कॅम दिवसेंदिवस आडवा होत जातो, पायाचे बळ शूपर्यंत कमी पोहोचते आणि अखेरीस कॅम पूर्ण आडवा होऊन अडकला तर चाक धावत्या गाडीत जाम होण्याचा धोका असतो. नटाचे आटे संपल्यावर दांडा काढून एक दाता फिरवून बसवण्याची युक्तीही काही ठिकाणी केली जाते. त्या युक्तीने लायनर वाढत नाही.

झीज ओळखण्यास चाक उघडण्याचीही गरज नसते. दांड्याच्या मुळाशी एक छोटा बाण असतो व पॅनेलवर एक खूण. पॅडल पूर्ण दाबून धरावे आणि दुसऱ्या व्यक्तीने पाहावे. बाण खुणेशी पोहोचला असेल तर लायनर संपले, मग नट कितीही शिल्लक असो. ही पाहणी महिन्यातून एकदा करण्यास दोन मिनिटे पुरतात. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या दहा गाड्यांचे बाण एकदा विद्यार्थ्यांकडून पाहून घेतले, तर विज्ञानाच्या तासाचे आणि गुरुजींचेही हित साधेल.

लायनर बदलण्यासाठी गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी. रॉडचा नट, टॉर्क आर्मचा नट व एक्सल काढून चाक बाहेर घ्यावे. बुशांचा क्रम विसरू नये म्हणून ते काढले त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. चाकातून पॅनेल उचलताच काळी भुकटी दिसते. ती तोंडाने फुंकणे किंवा हवेच्या पंपाने उडवणे ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे व ती तातडीने सोडावयास हवी. पूर्वीच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, आणि स्वस्त निनावी लायनरविषयी आजही खात्री देता येत नाही. त्याचे तंतू श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, तोही अनेक वर्षांनी. म्हणून तोंडावर रुमाल बांधावा, ओल्या फडक्याने भुकटी टिपावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

लायनरची जाडी सर्वसाधारणपणे दोन मिलिमीटरपर्यंत उतरली की दोन्ही शू एकदमच बदलावेत. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते. ड्रमचा कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो. त्यापेक्षा ड्रम मोठा झाला असेल तर नवे शूही उपयोगाचे नाहीत. लायनर जाड असूनही चकाकत असतील, तर पॉलिश पेपरने हलके घासावेत. कॅम व शूच्या खिळ्यावरील जुने ग्रीस पुसून नवे अगदी थोडे लावावे. काळ्या मातीचा चिखल आत शिरल्यामुळे कॅम जड झालेला पावसाळ्यानंतर हमखास आढळतो. ग्रीसचा एक थेंबही लायनरवर जाता कामा नये. तेलकट झालेले लायनर धुऊन शुद्ध होत नाही.

जोडताना एक्सल सैल असतानाच पॅडल दाबून धरावे, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात, आणि मगच नट आवळावा. साखळीच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असाव्यात. टॉर्क आर्मचा नट व त्याची पिन यांबाबत कोणतीही तडजोड करू नये. हा दांडा सुटला तर पॅनेल चाकाबरोबर फिरते आणि गाडी उलटते. पॅडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल ठेवावी, चाक हाताने फिरवून ते घासत नाही याची खात्री करावी, आणि मागचा दिवा लागतो का तेही पाहावे.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक अथवा एबीएस आवश्यक झाले आहे. संयुक्त ब्रेकमध्ये एकच पॅडल दोन्ही चाकांवर काम करते, त्यामुळे पुस्तिकेतील क्रम सोडून केवळ मागचा नट आवळू नये. डिस्क ब्रेक असल्यास पॅडची जाडी व तेलाची पातळी घरी पाहावी. नळी किंवा पिस्टन उघडण्याचे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. ते तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नये.

नवे लायनर बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक शक्यतो टाळावा. त्यानंतर नट पुन्हा एकदा तपासावा, कारण लायनर ड्रमशी जुळून बसताना पॅडलची चाल थोडी वाढते.