जुन्या गाडीचा पाना कुणाच्या हातात?

गाडीची वॉरंटी संपली आणि मीटरने लाखाचा आकडा ओलांडला, की मालकांचे दोन तट पडतात. एक तट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरखेरीज कुणाला बॉनेटही उघडू देत नाही. दुसऱ्याला सर्व्हिस सेंटर म्हणजे निव्वळ लूट वाटते, आणि तो रविवारी मोबाइलवर व्हिडिओ लावून पार्किंगमध्ये पाने मांडून बसतो. नुकसान दोघांचंही होतं. पहिला नको त्या कामांचे पैसे वर्षानुवर्षं मोजतो आणि शेवटी अजून पाच-सहा वर्षं सहज चालली असती अशी गाडी 'परवडत नाही' म्हणून विकून टाकतो. दुसरा हजार-दोन हजार वाचवण्यासाठी एखादं असं काम हातात घेतो, की त्यातली चूक थेट घाटाच्या उतारावर समोर येते. जुन्या गाड्या वापरणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे, की 'कंपनीत की घरी' हा निर्णय गाडीचं वय बघून घेऊ नका, तो प्रत्येक कामापुरता वेगळा घ्या. आणि घेताना बघायचं ते हे: हे काम चुकलं, तर ती चूक मला कधी आणि कुठे कळेल? चूक घरच्या घरी, गाडी उभी असताना कळणार असेल तर काम खुशाल स्वतः करावं. ती वेगात, गर्दीत किंवा उतारावर कळणार असेल तर पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपर, हेडलाइटचा बल्ब, बॅटरी ही सगळी पहिल्या प्रकारची कामं आहेत. बऱ्याच गाड्यांत केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे दोन क्लिपांवर बसवलेला असतो. तो उलटा बसला तरी फार तर एसीचा वारा कमी येईल, आणि फिल्टरच्या कडेवर बाणाची खूण असतेच. इंजिन ऑइल बदलणं यापेक्षा एक पायरी वरचं काम आहे, पण तेही जमण्यासारखं आहे, फक्त त्यातल्या दोन जागा सांभाळाव्या लागतात. चेंबरच्या बोल्टवर जोर काढला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि दोनशेच्या बचतीपायी आख्खा चेंबर बदलायची पाळी येते. दुसरी जागा ऑइल फिल्टरची. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. ती न बघता नवा फिल्टर चढवला, की दोन रिंगा एकावर एक बसतात आणि इंजिन सुरू होताच दाबाखालचं ऑइल कडेने बाहेर पडतं. मात्र ही चूक गाडी उभी असतानाच पकडता येते. इंजिन दोन-तीन मिनिटं सुरू ठेवायचं, खाली वाकून बघायचं, बंद करून डिपस्टिक तपासायची आणि मगच गाडी रस्त्यावर काढायची. एवढी शिस्त ज्याला पाळता येते त्याने हे काम जरूर करावं. ऑइलचा ग्रेड दुकानदाराला विचारू नये, मॅन्युअलमध्ये छापलेला घ्यावा. जळकं ऑइल गटारात ओतू नये. तो घातक कचरा आहे, एखाद्या गॅरेजच्या पिंपात तो नेऊन द्यावा. स्पार्क प्लग पेट्रोल गाडीत सोपे असतात, पण इंजिन पूर्ण थंड हवं आणि पहिले काही फेरे पान्याने नव्हे, हाताने द्यायला हवेत.

ब्रेकचं तसं नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेल्या त्याच ऑइलसाठी मानकात धरलेली किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांत हा फरक कधीच जाणवत नाही, कारण तिथे ब्रेक तेवढे तापतच नाहीत. सुट्टीत चार माणसं आणि सामान घेऊन आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, की कॅलिपरमधलं ऑइल उकळून त्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते, आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठीक, म्हणून अनेकांना दोष कुठे होता ते नंतरही समजत नाही. ब्रेक पॅड बदलायचे व्हिडिओ वीस मिनिटांचे असतात आणि त्यात सगळं सोपं दिसतं. पण कॅलिपर काढून तो रबरी होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून दुखावतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. स्लाइड पिन गंजलेल्या असतील आणि त्यांना योग्य ग्रीस मिळालं नाही, तर एकच पॅड झिजत राहतो. पिस्टन आत ढकलल्यावर पेडल चार-पाच वेळा दाबून घेतलं नाही, तर पार्किंगमधून निघतानाचा पहिला ब्रेक लागतच नाही. आणि स्टेपनी बदलण्यापुरत्या दिलेल्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली शिरणं हा सरळ जिवाशी खेळ आहे. खाली भक्कम स्टँड नसेल तर गाडीखालचं कोणतंही काम घरी होत नाही, असंच समजावं.

याच रांगेत स्टिअरिंग आणि सस्पेन्शन येतं. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना तर हातच लावू नये. सीएनजीची गळती हे अधिकृत माणसाचंच काम आहे, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी कायद्यानेच बंधनकारक आहे. टायमिंग बेल्टही यातच धरा. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत बेल्ट असे, नंतरच्या के सिरीज इंजिनांत चेन आली. चेन झिजली की बहुधा आवाज करते, बेल्ट मात्र गाजावाजा न करता तुटतो आणि अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून इंजिन उघडायची वेळ येते. आपल्या गाडीत काय आहे आणि ते किती किलोमीटरला बदलायचं, हे मालकाला तोंडपाठ हवं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मग सगळी जोखमीची कामं कंपनीत टाकावीत आणि निश्चिंत व्हावं. तसंही नाही. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट एक-एक ओळ वाचण्याची सवय लावून घ्या. वरच्या चार-पाच ओळी ऑइल, फिल्टर, गॅस्केट अशा नियमित कामांच्या असतात. त्याखाली इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्टंट, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर क्लीनिंग अशा ओळी येतात, आणि प्रत्येकीवर १८ टक्के जीएसटी. यातल्या बहुतेकांचा मॅन्युअलमधल्या वेळापत्रकात उल्लेखही नसतो. सर्व्हिस ॲडव्हायझरला विक्रीचं उद्दिष्ट दिलेलं असतं. तो वाईट माणूस असतो असं नाही, पण त्याच्या शिफारशीमागे फक्त तुमची गाडी नसते. शिवाय मोठ्या वर्कशॉपचा कल एखादा बुश बदलण्यापेक्षा पूर्ण असेंब्ली बदलण्याकडे असतो, कारण तसं काम लवकर उरकतं आणि गाडी तक्रार घेऊन परत येत नाही. तीन वर्षांच्या गाडीला हे चालून जातं. बारा वर्षांच्या गाडीची बाजारातली किंमत दीड-दोन लाख उरलेली असते, आणि अशी दोन बिलं तिला भंगाराच्या दारात नेतात. म्हणून मॅन्युअल सोबत न्यावं, एस्टिमेट लेखी घ्यावं, वेळापत्रकात नसलेल्या ओळी खोडायला लावाव्यात, बदललेले जुने पार्ट परत मागावेत, आणि एस्टिमेटबाहेरच्या कामाला फोनवर विचारल्याशिवाय हात लावू नये असं जॉब कार्डावरच लिहून घ्यावं. यात भिडस्तपणाचं काही कारण नाही.

मग कंपनीचा खरा उपयोग कशाला? माझ्या मते निदानाला. जुन्या गाडीवर सर्वात जास्त पैसे वाया जातात ते दुरुस्तीत नव्हे, अंदाजाने पार्ट बदलत राहण्यात. हल्ली स्वस्तातला ओबीडी स्कॅनर मिळतो, मोबाइलला जोडता येतो, आणि 'चेक इंजिन'चा दिवा लागला की कोड दाखवतो. समजा पी०१७१ आला. त्याचा अर्थ इतकाच, की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. व्हिडिओ बघणारा लगेच ऑक्सिजन सेन्सर मागवतो. पण कारण एखादा तडकलेला व्हॅक्यूम पाइप असू शकतं, मळलेला एअर फ्लो सेन्सर असू शकतं, किंवा पंपाचा घटलेला दाबही. कोड लक्षण सांगतो, पार्टचं नाव सांगत नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या म्हणून कुणी स्वतःच औषध सुरू करत नाही, तसंच हे. इंधनाचा दाब मोजायचं गेज, कंपनीचं स्कॅनिंग सॉफ्टवेअर, त्या मॉडेलचे वायरिंगचे नकाशे हे सगळं सर्व्हिस सेंटरकडे असतं. तपासणीचे पैसे द्यावेत, दोष लिहून घ्यावा, आणि मग ते काम कुठे करायचं हे शांतपणे ठरवावं. निदान आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी झाली पाहिजे असा नियम नाही.

यावर एक जुना आक्षेप आहे, की बाहेर चांगला पार्ट मिळतच नाही, म्हणून कंपनीला पर्याय नाही. या तक्रारीत एकेकाळी पुष्कळ तथ्य होतं. स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. तो पुढे अपिलांत अडकला, पण मूळ मुद्दा जाहीरपणे मांडला गेला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू करताना वाहनक्षेत्रही त्यात घेतलं. बाजाराचं म्हणाल, तर कार कंपन्या स्वतः प्रत्येक पार्ट बनवत नाहीत. लुकास टीव्हीएस, गॅब्रिएल, राणे, बॉश हे पुरवठादार आपला माल स्वतःच्या नावानेही विकतात, आणि पुण्यात नाना पेठेत तो सहज मिळतो. धोका आहे तो डुप्लिकेटचा, आणि तो हुबेहूब खोक्यात येतो. त्यामुळे 'अमुक गाडीचे पॅड द्या' असं मोघम न मागता चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढावा, अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर घ्यावा, आणि भाव संशयास्पद कमी वाटला तर परत फिरावं. ब्रेक आणि स्टिअरिंगचा पार्ट सेकंडहँड कधीही घेऊ नये. दरवाजा, आरसा, टेललाइट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घ्यायला मात्र काहीच हरकत नाही.

दुसरा आक्षेप सर्व्हिस हिस्ट्रीचा. कंपनीचे शिक्के नसतील तर गाडी विकताना किंमत पडते, हे पाच वर्षांच्या गाडीबाबत खरं आहे. बारा वर्षांच्या गाडीचा गिऱ्हाईक गंज बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि कागद तपासतो. तारीख, किलोमीटर आणि काम लिहिलेली एक वही आणि तिच्यात लावलेली बिलं त्याला पुरतात. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नाक्यावरचा मेकॅनिक स्वस्त असतो, अनुभवी असतो, मग कंपनी कशाला आणि घरचा खटाटोप तरी कशाला? अगदी बरोबर. जुन्या गाडीच्या मधल्या कामांसाठी, म्हणजे क्लच, सस्पेन्शन, रेडिएटर, ब्रेक यांसाठी, रॅम्प असलेलं चांगलं खासगी गॅरेज हाच मला उत्तम मार्ग वाटतो. पण तिथेही बिल हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दुरुस्तीतला निष्काळजीपणा ही सेवेतली त्रुटीच आहे, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, जिल्हा आयोगात जाता येतं. मात्र हातात बिल नसेल तर ते काम त्या गॅरेजमध्ये झालं हेच सिद्ध करणं जड जातं. दोन पैसे कमी पडावेत म्हणून बिल नको म्हणणारे आपण स्वतःच आपला हक्क सोडून देतो. विम्याच्या भरवशावरही राहू नका. नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाही, आणि अपघाताच्या दाव्यातही गाडीच्या वयानुसार पार्टच्या किमतीत घसारा कापला जातो.

गाडी कधी सोडावी, हे बहुतेकदा इंजिन ठरवत नाही, गंज ठरवतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. हा खर्च अनेकांना परवडतो. पण कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीचे खालचे मेंबर आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या खाल्ल्या गेल्या असतील, तर वरून कितीही चकचकीत असली तरी ती गाडी ठेवू नये. हे घरी खाली वाकून दिसत नाही, रॅम्पवर उचलूनच दिसतं. पावसाळ्याच्या तोंडावर कंपन्या तपासणी शिबिरं घेतात, त्यात गाडी रॅम्पवर चढवायला लावा आणि स्वतः खाली उभं राहून बघा.

आणि आज एवढं तरी कराच. बिलांची फाइल काढा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते शोधा. दोन वर्षं उलटली असतील, किंवा तशी नोंदच सापडत नसेल, तर पुढचा घाट उतरण्याआधी ते चांगल्या गॅरेजमध्ये, बिल घेऊन, बदलून घ्या.