एकाच आईबापाची लेकरे सारखी का नसतात?



नंदुरबारकडच्या एका पाड्यावर एका आईने मला विचारले, "ताई, थोरला धडधाकट, मग धाकट्याचेच हातपाय का ठणकतात? कोणी करणी केली का?" धाकट्याला सिकलसेल आहे, आणि सासू दोष सुनेला देई.

बहुतेक जनुकांच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. अर्धसूत्री विभाजनात 46 गुणसूत्रांची 23 होतात. त्याआधी जोडीतली गुणसूत्रे आपसांत तुकडे बदलतात. म्हणून भावंडे वेगळी. पण हे जुन्याचेच फेरवाटप. नवे येते ते उत्परिवर्तनाने.

सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिनच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल. एक प्रत बदललेली असली, तर जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणूनच तो मलेरियाच्या मुलखात टिकला. दोन्ही बदललेल्या असल्या, तर आजार.

आईबाप दोघेही वाहक असतील, तर दर गरोदरपणी ही शक्यता चारात एक. "एकाला झाला, आता पुढची तीन सुटली" असे नव्हे! चिठ्ठ्या दरवेळी नव्याने पडतात. हे समजावताना मला सर्वांत जास्त वेळ लागतो.

बऱ्याच मिनतवारीने नवऱ्याने रक्त तपासले. तोही वाहक निघाला. आता सासू सुनेला टोचून बोलत नाही.