मित्रांची चित्रं सोबत ने

कोल्हापूर

चि. सोनूस,


ऑस्लोला जाताना बॅगेत कोणती चित्रं न्यावीत, असं तू परवा फोनवर विचारलंस. घरात पाहुणे होते, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तुझी स्वतःची चित्रं इथेच ठेव. माझ्याकडे जागा आहे. नेणार असशील तर मित्रमैत्रिणींची ने. नाटकाच्या पडद्यावर रात्ररात्र तुझ्याबरोबर जागलेल्या त्या मुलीचं शाईचं काम, वर्गातल्या त्या अबोल मुलाने केलेलं तुझ्या आईचं व्यक्तिचित्र, असं जे कुणी तुला आपण होऊन दिलंय ते. आपलं चित्र परक्या गावात भिंतीवर लावलं की ते रोज आपल्याला मागे ओढतं. ‘असंच कर, हे तुला जमतं,’ म्हणत राहतं. मित्राचं चित्र वेगळं बोलतं. तू जे पाहिलंस तेच त्यानेही पाहिलं होतं आणि त्याला त्यात भलतंच काही दिसलं होतं, हे ते दाखवत राहतं.

आम्ही पाचजण रविवारी पहाटे रंकाळा तलावावर जात असू. पावसाळ्यात पाणी चढलं की संध्यामठ अर्धाअधिक बुडतो, तेव्हा तर चुकवायचोच नाही. पाचही जण एकाच दगडी मठासमोर बसलेले. एकाने दगड जांभळा केला, एकीने मठ सोडून फक्त पाण्यातली त्याची सावली रंगवली. मी आपली खांब मोजत बसलेली. परतताना चहाच्या गाडीवर कागद वाळत ठेवायचे आणि ज्याला जे आवडेल त्याने ते मागून घ्यायचं. किंमत नाही, तोलूनमापून बरोबरी नाही. माझ्या बैठकीतल्या भिंतीवर आज जे आहे, ते असंच जमलेलं आहे. त्या भिंतीने मला जेवढं शिकवलं तेवढं माझ्या परीक्षांनी शिकवलं नाही.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तुझ्या आजोबांच्या ऑपरेशनला पैसे कमी पडत होते. तेव्हा एक खरेदीदार माझी चित्रं पाहायला आले. माझ्यातलं त्यांनी काही घेतलं नाही. भिंतीवरचं ते जांभळ्या दगडांचं चित्र मागितलं, आणि मी दिलं. पंधरा दिवसांनी ज्याचं ते चित्र होतं तो मित्र आजोबांची विचारपूस करायला आला. नेहमीच्याच खुर्चीवर बसला, समोर रिकामा खिळा. त्याने खिळ्याकडे पाहिलं, चहा घेतला, आजोबांना जेवण जातंय का ते विचारलं आणि गेला. पुढे तो वीस वर्षं आमच्याकडे येत राहिला, पण त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. आता तो नाही. आजोबा बरे झाले, तेव्हा विकल्याचं मला दुःख नाही. त्याला आधी सांगितलं नाही, ते मला आजही टोचतं. तुझ्यावर कधी तशी वेळ आली तर आधी फोन उचल. ज्याने चित्र दिलं त्याला ते आपल्याकडून जाताना कळलं पाहिजे.

ऑस्लो ऐकलं तेव्हा मला चित्रकार अंबादास आठवले. अकोल्याचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले. 1962 साली भावनगरला ज्या घरात ते आणि त्यांचे मित्र जमले, त्या घराच्या नंबरावरूनच त्यांच्या गटाचं नाव पडलं, ‘ग्रुप 1890’. बारा कलाकार, आणि गटाचं प्रदर्शन एकच झालं, 1963 साली दिल्लीत. 1972 साली अंबादास नॉर्वेला गेले आणि शेवटपर्यंत, 2012 पर्यंत, त्यांचं घर ऑस्लोतच राहिलं. अकोल्याच्या उन्हात वाढलेला माणूस इतकी वर्षं त्या उजेडात रंगवत राहिला, हा मला तुझ्यासाठी मोठा आधार वाटतो. चित्रकार मोहन सामंत 1968 साली न्यूयॉर्कला गेले तेही कायमचेच. ते सारंगी वाजवत, आणि तिकडेही त्यांनी ती सोडली नाही. शिल्पकार सदानंद बाकरे मात्र 1951 ला लंडनला गेले आणि चोवीस वर्षांनी परत येऊन कोकणात मुरुड-हर्णैला राहिले. राहिले तेही बरोबर, परतले तेही बरोबर. तू आत्ताच ठरवू नकोस.

रोजचा दिवस मात्र गेल्या गेल्या ठरव. डिसेंबरात ऑस्लोत जेमतेम सहा तास उजेड असतो, जूनमध्ये जवळपास एकोणीस. इथल्यासारखं ‘सकाळची कामं उरकून मग बसते’ म्हणशील तर हिवाळ्यात तुझ्या हाती काळोखच येईल. स्वयंपाक, धुणं, फोन सगळं अंधारात कर. उजेडाचे तास रंगांचे. शाळेची नोकरी करताना मी रोज एक तास तेवढा राखला होता. पेपर तपासायचे असोत, पाहुणे असोत, तो तास कुणाला दिला नाही. काही दिवस त्या तासात फक्त ब्रश धुतले, साबणाने, मुळापर्यंत. तोही तास कामाचाच. थंडीत तैलरंग सावकाश वाळतो, तेव्हा एकाच वेळी दोन-तीन कॅनव्हास सुरू ठेव. आणि पहिलं वर्ष रंकाळा आठवून रंगवू नकोस. खिडकीबाहेर जे असेल ते काढ, नुसतं पार्किंग असलं तरी.

आता बांधाबांध. कागदावरची कामं फ्रेममधून काढ, काचा इथेच ठेव. मध्ये बटर पेपर घालून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांध आणि हातातल्या बॅगेत घे. कॅनव्हास गुंडाळायचा तर रंगाची बाजू बाहेर हवी. लोक काळजीपोटी ती आत करतात, मग रंग दाबला जाऊन त्याला सुरकुत्या पडतात. नळी चांगली वीतभर रुंद घे, घट्ट आवळू नकोस. जाड थरांचं काम आणि या वर्षी केलेलं तैलचित्र गुंडाळूच नकोस. टर्पेंटाइन विमानात चालत नाही, ते तिकडे घे. प्रत्येक चित्रामागे कडेला मऊ पेन्सिलीने कोणी, कधी, कुठे, कशाने केलं ते लिही. पेन नको, कागदात उतरतं. मी लिहिलं नाही, आणि आज माझ्या भिंतीवरच्या दोन चित्रांची सालं मला सांगता येत नाहीत. मित्रांकडून ‘हे मी भेट दिलं’ अशी दोन ओळींची सही घेऊन ठेव, कुणी विचारलं तर दाखवता येईल.

देवघरातला रविवर्मा प्रेसचा लक्ष्मीचा छाप तुला हवा होता. तो मात्र नको. तो शंभर वर्षांपलीकडचा आहे, असं तुझे आजोबा सांगायचे, आणि 1972 च्या कायद्याने इतक्या जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. तो इथेच राहील, तुझाच आहे.

माझ्याकडून तुला ते पाण्यातल्या सावलीचं चित्र देते आहे. जिने ते रंगवलं तिला मी काल विचारलं. ती म्हणाली, पोरीला दे, पण वर्षातून एकदा फोटो पाठवायला सांग, कुठल्या भिंतीवर लावलंय त्याचा.

निघण्याआधीच्या रविवारी ये. येताना तुझं एक काम आण. तो खिळा मी काढलेला नाही. आठ बाय दहापेक्षा मोठं तिथे मावत नाही, शेजारी कपाट आहे.

तुझी,
आत्या