थंड सागर आणि अंगाची ऊब



मागील वर्षी नववीच्या वर्गातील एका मुलाने मला एक चित्र दाखविले. फेसाळत्या लाटेवर फळी टाकून तीवर एक तरुण उभा होता आणि घोट्यांपासून गळ्यापर्यंत त्याच्या अंगावर काळा, घट्ट पोशाख होता. मुलाने विचारले, "सर, समुद्रात उतरताना आपण कपडे काढून ठेवतो, मग हा ते चढवून का गेला?" मी पडलो कलाशाखेचा पदवीधर! उत्तर देण्यापूर्वी मला चार पुस्तके चाळावी लागली. त्यांतून जे हाती आले, ते आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

लाटेवर स्वार होण्याच्या या खेळास सर्फिंग म्हणतात. तो वाढला हवाई बेटांत. तेथील सागर आपल्या गोव्याच्या सागरासारखा उबदार. म्हणून उघड्या अंगाने खेळणे तेथे सुखाचे होते. परंतु हा खेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात आला, तेव्हा अडचण उभी राहिली. तेथे उत्तरेकडून थंड सागरी प्रवाह वाहत येतो, आणि वाऱ्यामुळे किनाऱ्याजवळचे पाणी दूर लोटले जाऊन खोलवरचे गार पाणी वर येते. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोजवळ समुद्राचे पाणी बहुतेक काळ १० ते १५ अंश सेल्सिअस असते. आपल्याकडे ते सुमारे २८ अंश असते, हे लक्षात घ्या.

१५ अंशांच्या हवेत स्वेटर घालून आपण खुशाल फिरतो. मग १५ अंशांच्या पाण्याचे एवढे भय का? कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. आपले शरीर ३७ अंशांचे. गोव्याच्या उबदार समुद्रातही तासभर डुंबल्यावर अंगावर काटा येतो, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. मग अतिथंड पाण्यात काय होत असेल? पहिल्या मिनिटास धाप लागते, छाती धडधडते व श्वास ताब्यात राहत नाही. नेमक्या त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर उत्तम पोहणाराही बुडू शकतो. त्यानंतर थोड्याच वेळात हातापायांतील बळ ओसरू लागते. बोटांना फळी धरवत नाही. पुढे शरीराच्या अंतर्भागाची उष्णता ३५ अंशांखाली उतरली, की बुद्धीही मंदावते. म्हणजे ऊब राखणे हा तेथे चैनीचा नव्हे, प्राणांचा प्रश्न आहे.

प्रारंभीचे खेळाडू लोकरीचे स्वेटर घालून पाण्यात शिरत आणि बाहेर येऊन शेकोटीभोवती बसत. पण लोकरीतून प्रत्येक लाट आरपार जाई व अंगाने तापविलेले पाणी घेऊन जाई. या कोड्याचे उत्तर शोधले ह्यू ब्रॅडनर या पदार्थविज्ञान-शास्त्रज्ञाने. कॅलिफोर्निया विद्यापीठातील हे गृहस्थ नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी पोशाखाचा विचार करीत होते. ऊब हवी तर अंग कोरडेच राहिले पाहिजे, अशी तोवर समजूत होती. १९५१ च्या सुमारास ब्रॅडनर यांच्या ध्यानात आले, की वस्त्राच्या आतच हवेसारखा वायू कोंडलेला असेल, तर अंग ओले झाले तरी बिघडत नाही! त्यासाठी निओप्रीन हे १९३० साली शोधलेले कृत्रिम रबर, फेसासारखे फुगविलेले, उपयोगी पडले. त्यात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुकान काढणारे जॅक ओनील आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील मेस्ट्रेल बंधू यांनी असे पोशाख सर्फिंग करणाऱ्यांपर्यंत पोहोचविले. खरे श्रेय कोणाचे, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. ब्रॅडनर यांनी मात्र या कल्पनेतून धन जोडले नाही.

या पोशाखास वेटसूट, म्हणजे 'ओला पोशाख', म्हणतात. त्याच्या व कातडीच्या मध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो. हा थरच ऊब देतो, असे अनेक जण समजतात. पण ते खरे नव्हे. खरे काम बुडबुड्यांतील वायू करतो. आतील पाण्याने एवढेच करावयाचे, की जागचे हलावयाचे नाही. म्हणून पोशाख अंगाला घट्ट बसला पाहिजे. गळ्याशी वा मनगटाशी तो सैल असला, तर प्रत्येक लाटेबरोबर नवे गार पाणी आत येते आणि जाडी कितीही असो, उपयोग होत नाही. सौम्य पाण्यात २-३ मिलिमीटर जाडी पुरते. फार थंड पाण्यात ५ मिलिमीटर व त्याहून अधिक लागते आणि जोडीला टोपी, हातमोजे व बूट.

जाणते खेळाडू आणखीही काही नियम पाळतात. ते उपाशीपोटी व एकटे पाण्यात उतरत नाहीत. बोटे बधिर होण्यापूर्वीच परततात. बाहेर आल्यावर वाऱ्याच्या आडोशाला जाऊन ओले उतरवितात, अंग टिपून कोरडे कपडे व टोपी घालतात आणि गरम, गोड पेय घेतात. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. मद्याने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात व आतील उष्णता उलट लवकर निघून जाते. कुडकुडणारा माणूस एकाएकी कुडकुडावयाचा थांबला आणि असंबद्ध बोलू लागला, तर तो सावरला असे समजू नये. ती धोक्याची घंटा आहे.

मुलांनो, आपणांस थंड सागर क्वचितच भेटेल. पण आषाढातील पाऊस तर दरवर्षी भेटतो. चिंब भिजून शाळेत येणारी आणि तसेच ओले कपडे अंगावर वाळविणारी मुले मी प्रत्येक पावसाळ्यात पाहतो. घरी आपण जी वाकळ पांघरतो, ती स्वतः गरम नसते. ऊब आपल्याच अंगाची. वाकळ ती फक्त राखते, आपल्या पदरांत हवा कोंडून. वेटसूटचे तत्त्व तेच. ओल्या सदऱ्यात मात्र हवेची जागा पाण्याने घेतलेली असते आणि त्यावर वारा लागला, की ते पाणी अंगाची ऊब घेऊन उडून जाते.

तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात दप्तरात एक कोरडा सदरा अवश्य ठेवा, आणि शेजारी बसलेला मित्र कुडकुडत असेल, तर तो त्याला द्या.