नवे घर आधी फक्कीने आखा

आपल्या नेरे गावात आणि शेजारी मारुंजी, हिंजवडीकडे आता जिकडे पाहावे तिकडे बांधकामे चालली आहेत. हिंजवडीला राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क झाला आणि जमिनीला भाव आला. कुणी शेताचा तुकडा विकून घर बांधतो. कुणी नोकरीतून चार पैसे साठवून गुंठा-दोन गुंठे घेतो. पैसा असा एकदाच हाती येतो. घर मात्र दोन पिढ्यांना पुरवायचे असते.

घर म्हटले की आपण विटा, सिमेंट, सळई यांचे भाव विचारतो. पण घरात कोण कुठून कुठे जाणार, हे विचारतच नाही. तेच आज या धड्यात पाहू.

जागा किती?

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. समजा, एका घरधन्याकडे दोन गुंठे जागा आहे. ती ३३ फूट रुंद व ६६ फूट लांब आहे. रस्ता पश्चिमेला आहे. घरात म्हातारे आईवडील, नवराबायको आणि दोन लेकरे, अशी सहा माणसे आहेत.

सगळ्या जागेवर घर बांधता येत नाही. चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते. ती किती, हा नियम आहे. मोजणीचा नकाशा आणि सातबारा घेऊन आधी ग्रामपंचायतीत जावे. परवानगी कुठून घ्यायची, किती फूट सोडायचे, हे विचारून घ्यावे. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हापासून या भागात नुसत्या गावच्या होकारावर भागत नाही.

या घरधन्याने घर २२ फूट रुंद, २५ फूट लांब धरले. पुढे ८ फुटांची पडवी धरली. दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच फूट उरले.

ऊन, वारा, पाऊस

आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. पावसाची झड त्याच बाजूने आत घुसते. उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहरी तापते तीही पश्चिमेचीच भिंत. म्हणून पश्चिमेला पडवी असली की भिंतीला सावली मिळते आणि दार भिजत नाही. जुन्या घरांना खोल पडवी होती ती उगाच नव्हे.

थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दक्षिणेला खिडकी असली की ऊन घरात येते. वर छज्जा हवाच.

स्वयंपाकघर आग्नेयेला, म्हणजे पूर्व-दक्षिण कोपऱ्यात ठेवले, तर सकाळचा उजेड मिळतो. वारा पश्चिमेचा असला की धूर आणि फोडणीचा खाट घरात न फिरता मागे निघून जातो. गॅस वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून नुसती वर खिडकी पुरत नाही, खालच्या बाजूलाही वारा खेळला पाहिजे.

बेरजेच्या चिन्हाचे घर

गवंड्याने कागदावर रेघा ओढल्या. बाहेर चौकट, आत बेरजेचे चिन्ह. झाल्या चार खोल्या! पुढे दक्षिणेला बैठक, तिच्यामागे स्वयंपाकघर. पुढे उत्तरेला नवराबायकोची खोली, तिच्यामागे म्हाताऱ्यांची. पुढच्या खोल्या १२ फूट लांब, मागच्या ११ फूट. सगळ्यांची रुंदी १० फूट. कागद मोठा नीट दिसत होता.

घरधनी कागद घेऊन गुरुजींकडे आला. गुरुजी म्हणाले, “कागदावर माणसं चालत नाहीत. जागेवर फक्की टाका आणि वहिनींना घेऊन या.”

आखणी कशी करावी?

चार खुंट्या, सुतळी, मोजपट्टी आणि फक्की एवढे सामान पुरते. कोपरा गुण्यात आला की नाही, हे असे पाहावे. कोपऱ्यापासून एका सुतळीवर ६ फुटांवर खूण करा. दुसरीवर ८ फुटांवर करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर १० फूट भरले, तर कोपरा गुण्यात आहे. मग समोरासमोरचे कोपरे तिरपे मोजा. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. २२ बाय २५ च्या घराला ती ३३ फूट साडेतीन इंचांच्या आसपास येतात.

भिंतींची जाडीसुद्धा आखा. बाहेरची भिंत ९ इंच, आतली ६ इंच धरा. दारे कुठे ते दाखवा. खाटेच्या जागी गोधडी अंथरा. कपाटाच्या जागी पोते ठेवा. उघड्या आभाळाखाली आखलेली खोली डोळ्याला लहान वाटते. म्हणून डोळ्यावर विसंबू नका. सामान मांडून मोजा.

चालून पाहा

आखणी झाली. घरधनीण फक्कीतून चालू लागली. म्हाताऱ्यांच्या खोलीत गेली आणि थबकली.

“अहो, मामंजींना बैठकीत यायचं तर वाट कुठंय? एक तर आमच्या खोलीतून, नाहीतर स्वयंपाकघरातून!”

घरधनी म्हणाला, “अगं, घरचीच माणसं आपण.”

“आज घरचीच. उद्या त्यांना भेटायला पाहुणा आला, डॉक्टर आला, तर तोही आमच्या बिछान्याजवळून जाणार? आणि आत्याबाई रात्री दोनदा उठतात. प्रत्येक वेळी कुणाची तरी झोपमोड.”

बोलणे खरे होते. बेरजेच्या चिन्हासारख्या चार खोल्यांत बैठकीच्या तिरक्या कोपऱ्यातली खोली नेहमी अशीच अडकते. तिथे जायला दुसऱ्याची खोली ओलांडावी लागते.

गुरुजींनी पायाने फक्की पुसली. बैठक आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत ३ फूट मागे नेली. दोन निजायच्या खोल्यांमधली भिंत १ फूट पुढे घेतली. आता बैठक १५ फूट झाली, स्वयंपाकघर ८ फूट, पुढची खोली ११ फूट आणि म्हाताऱ्यांची १२ फूट. म्हाताऱ्यांची खोली साडेतीन फूट बैठकीला भिडली. तेवढ्यात चौकटीसह तीन फुटांचे दार बसते. घर एक वीतही वाढले नाही. वेगळा बोळही लागला नाही.

स्वयंपाकघर लहान झाले, म्हणून घरधनीण तिथे पुन्हा उभी राहिली. पूर्वेच्या खिडकीखाली दोन फुटांचा ओटा धरला, तरी मागे सहा फूट उरत होते. “दोघी जणी वावरू शकतो,” ती म्हणाली. तेव्हा ती भिंत नक्की झाली.

भिंत सरकली की खांब आणि तुळया कुठे येतील, हे मात्र अभियंत्याला विचारावे. तो हिशेब अंदाजाने करू नये.

न्हाणी व संडास

म्हाताऱ्यांच्या खोलीला मागे एक दार ठेवले. मागच्या पडवीत लगेच न्हाणी व संडास. रात्री अंगण ओलांडायला नको, पायरी चढायला नको. दार रुंद ठेवावे, भिंतीला धरायला दांडी बसवावी.

गटार नसेल तिथे दोन खड्ड्यांचा संडास चांगला. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा चालू करायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे वर्ष-दीड वर्षात वास नसलेले खत होते. खड्डे विहिरीपासून व बोअरपासून निदान १० मीटर, म्हणजे ३३ फूट दूर हवेत. शेजाऱ्याचे बोअरही मोजा. जवळच्या देहू गावात डॉ. सुहास मापुसकर यांनी अशा स्वच्छतेसाठी उभा जन्म घालवला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

पुढचा विचार

वर मजला चढवून भाडेकरू ठेवायचा असेल, तर आजच जिन्याची जागा सोडा. जिना बाहेरून हवा, म्हणजे परका माणूस बैठकीतून जाणार नाही. १० फूट चढायला ७ इंचांच्या सुमारे १७ पायऱ्या लागतात. सरळ जिन्याला साडेतेरा फूट लांब व तीन फूट रुंद जागा जाते. पायाही वरच्या मजल्याच्या हिशेबाने घ्यावा लागतो.

जागा थोडी असली तरी रीत हीच. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर निदान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे, ठरवले आहे. तेवढ्या घरात तर एकेक फूट मोलाचा. रस्ता पूर्वेला असेल तर खोल्या बदलतील. कसोटी बदलणार नाही.

लक्षात ठेवा

फक्की पायाने पुसते. भिंत पाडायला मजुरी लागते, आणि विटा-सिमेंट वाया जाते. घरात जे सर्वांत जास्त वावरतात, त्यांना आखणीतून चालू द्या. त्यांचे ऐका. मगच कुदळ मारा.

प्रश्न

१. एक गुंठा म्हणजे किती चौरस फूट?
२. पश्चिमेला पडवी असल्याने कोणते दोन फायदे होतात?
३. बेरजेच्या चिन्हासारख्या घरात कोणती खोली अडकते? का?
४. तुमच्या घरात रात्री संडासला जाताना कुणाची झोप मोडते? वाट फक्कीने अंगणात आखा आणि कोणती भिंत वा कोणते दार बदलले तर ती सुटी होईल, ते घरच्यांशी बोला.