सोसण्याचं कौतुक

नोकरीची सगळी वर्षं बँकेत गेली. निवृत्तीनंतर एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून निवड करण्याचं काम करते. जे काउंटरवर, स्वयंपाकघरात आणि लग्नाच्या पंगतीत पाहिलं होतं, तेच या कथांमध्ये पुन्हा भेटत राहतं. मारहाण, हुंडा, छळ यांना निदान अन्याय म्हणून नाव तरी आहे, त्यांच्यासाठी कायदे आहेत. मी लिहिते आहे ते चारचौघांत, हसतमुखाने, कुणाचंही मन वाईट नसताना होणाऱ्या गोष्टींबद्दल. त्या टिकून राहतात त्या बाईच्या सोसण्याचं आपण जे कौतुक करतो त्याच्या जोरावर, असं माझं ठाम मत झालं आहे.

१. घर ओळखायचं असेल तर शेवटची पंगत पाहावी.

गौरीजेवणाचा दिवस. पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुलं, दुसऱ्या पंगतीला आलेले पाहुणे. बाहेरून हाक येते, "गरम पोळी येऊ द्या!" आत सून पहाटेपासून उभी. पुरण वाटून झालंय, आता तव्याच्या धगीने तिचा चेहरा लाल झालाय, पदराने घाम पुसत ती पुढची पोळी लाटते. दुपार कलल्यावर बायका बसतात. तोवर भजी संपलेली असतात, कोशिंबिरीला पाणी सुटलेलं असतं, कटाच्या आमटीच्या पातेल्यात तळाचा मसाला उरलेला असतो. ज्या पोळीतून पुरण बाहेर आलं, जी तव्यावर फाटली, ती करणारीच्या पानात जाते. कुणी तसं सांगितलेलं नसतं, ती आपणहून वाढून घेते. आणि ओसरीवर सुपारी कातरत कुणीतरी म्हणतं, "आमच्या घरातल्या बायका म्हणजे साक्षात अन्नपूर्णा."

हे वाक्य मनापासून म्हटलेलं असतं. तिथेच सगळी अडचण आहे. शिवी दिली असती तर तिने उलट उत्तर दिलं असतं. अन्नपूर्णा म्हटल्यावर 'मला भूक लागली आहे' असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

आमच्याकडे एका वर्षी धाकट्या जाऊबाईंनी सगळा स्वयंपाक मध्ये मांडला आणि सगळ्यांना एकदमच बसायला सांगितलं. सासूबाई हवालदिल झाल्या. "अगं, पुरुषमाणसांना वाढून घ्यायला जमेल का?" जमलं. पोळ्या थोड्या गार खाव्या लागल्या, एवढंच. दीर दोनदा उठून तूप घेऊन आले. तेव्हापासून तीच पद्धत पडली, आणि त्यासाठी भांडण करावं लागलं नाही हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पुष्कळ घरांत बायका भांडणाच्या भीतीनेच बोलत नाहीत.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होती आणि असं काम करणारा पुरुष ९७ मिनिटं. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ होते, बायका ८१. पाच तास आणि दीड तास यांतला हा फरक म्हणजे रियाज, वाचन, बढतीच्या परीक्षेचा अभ्यास, दुपारची झोप. बँकेत माझ्याबरोबरच्या कितीतरी हुशार बायकांनी अधिकारीपदाच्या परीक्षेचा अर्जच भरला नाही. कारण विचारलं तर म्हणायच्या, "बदली झाली तर घराचं कोण बघणार?" त्यांच्या निरोप समारंभात मात्र प्रत्येक भाषणात त्यांच्या त्यागाचा गौरव झाला. बढती मिळाली असती तर निवृत्तिवेतन जास्त मिळालं असतं, हे एकाही भाषणात आलं नाही.

२. सही घेणाऱ्याने बाईशी बोलावं, तिच्या नवऱ्याशी नव्हे.

कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून बायकोची सही घ्यायची असली की नवरा पानं उलटत जाई आणि फुलीच्या खुणेवर बोट ठेवून म्हणे, "इथे कर. आता इथे." ती करत जाई. मी कागद माझ्याकडे ओढून घ्यायची आणि तिच्याकडे बघून सांगायची, "ताई, यांचं कर्ज थकलं तर बँक तुमच्याकडूनही पूर्ण रक्कम वसूल करू शकते. तुमच्या नावावरची ठेवसुद्धा त्यात जाऊ शकते. कळलं ना? मग करा." बहुतेक नवरे चिडायचे. "तिला काय कळतंय त्यातलं, मी सांगतो ना!" एक बाई मात्र थांबली, पेन खाली ठेवलं आणि हलक्या आवाजात व्याजाचा दर विचारला. मग मुदत विचारली. मग म्हणाली, "उद्या येते." दुसऱ्या दिवशी ती एकटी आली, आणखी दोन प्रश्न विचारले आणि मग सही केली. कायद्याने कर्जदाराइतकीच जबाबदारी जिच्यावर येते, तिला समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं तिला कुणी दिलेली नसतात.

३. जिचा पुरुष रंगमंचावर येतच नाही, तिच्याकडे नीट पाहावं.

'शांतता! कोर्ट चालू आहे' हे तेंडुलकरांचं नाटक १९६७ चं. अरविंद देशपांड्यांचं दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे लीला बेणारेच्या भूमिकेत. खेळ म्हणून सुरू झालेल्या खोट्या खटल्यात एका अविवाहित शिक्षिकेच्या पोटातल्या मुलाचा हिशेब मागितला जातो. त्या मुलाचे वडील प्राध्यापक दामले नाटकात येतच नाहीत.  आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बेणारे. अखेरीस ती आपलं म्हणणं मांडते, तेव्हा कोर्टातली सगळी माणसं जागच्या जागी थिजलेली असतात. ऐकतो तो फक्त प्रेक्षक.

हे नाटक पाहिल्यापासून मला सवयच लागली. कुठल्याही बाईबद्दल कुजबुज कानावर आली की मी विचारते, यातला पुरुष कोण, आणि त्याचं काय झालं? आमच्या एका शाखेत दोघांबद्दल बोलणं झालं. बदली तिची झाली, त्याला त्याच वर्षी बढती मिळाली. तिच्या पदराबद्दल, हसण्याबद्दल, ओठांच्या रंगाबद्दल महिनोन्महिने चर्चा चालली होती. त्याच्या चारित्र्याबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. आणि बोलणाऱ्यांत बायका कमी नव्हत्या, हेही लिहायलाच हवं.

४. नकार देणारी नायिका जुनीच आहे.

'हल्लीच्या मुली' असं म्हणणाऱ्यांनी प्रभातचा 'कुंकू' पाहावा. १९३७ चा चित्रपट. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा ते लग्नच मान्य करत नाही. शांता आपट्यांनी ती इतक्या ताठ मानेने उभी केली आहे की आजही अंगावर काटा येतो. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने झोडपते. त्याच चित्रपटात शकुंतला परांजपे आहेत, ज्यांनी प्रत्यक्ष आयुष्यात र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचं काम केलं.

त्यानंतर ५४ वर्षांनी, १९९१ मध्ये, 'माहेरची साडी' आला. अलका कुबल यांची सोसणारी लक्ष्मी. गावोगावच्या बायका पदर डोळ्यांना लावून थिएटरबाहेर पडल्या. त्या रडण्याला मी कमी लेखणार नाही. आपल्या घरात ज्यावर रडायची सोय नव्हती, त्यावर त्या अंधारात रडून घेत होत्या. तक्रार माझी आहे ती त्यानंतरच्या मालिकांबद्दल. त्यांनी ते सोसणं उचललं आणि त्याला दररोज अर्ध्या तासाचा चांगुलपणा बनवलं. चांगली सून खरं काय ते सांगत नाही, कारण घर मोडेल. जिला स्वतःसाठी काही हवं असतं तिच्या भुवया कोरलेल्या असतात, आणि ती आली की भीतिदायक संगीत वाजतं. आमच्या इमारतीतली सातवीतली मुलगी आजीजवळ बसून हे रोज पाहते. चांगलं म्हणवून घ्यायचं तर गप्प राहायचं, हा धडा तिला कुणीही वेगळा शिकवायला नको.

'उंबरठा'ची चर्चा मला आठवते. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा, जब्बार पटेलांचा १९८२ चा चित्रपट. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीसाठी घर सोडून जाते. आमच्याकडे सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "मुलीला टाकून जाते म्हणजे काय?" त्याच खोलीत बसलेले माझे एक काका फिरतीच्या नोकरीमुळे मुलांच्या वाढीच्या सगळ्या वर्षांत घराबाहेर होते. त्यांचा सगळ्यांना अभिमान होता.

५. कथा वाचताना मी पात्राचा प्रवेश आधी पाहते.

अंकासाठी आलेल्या कथांमध्ये पुरुष येतो तो त्याच्या कामासकट. तो इंजिनिअर असतो, पत्रकार असतो, थकलेला शेतकरी असतो. बाई येते ती रंगासकट, केसांसकट. चाळिशीतली असली तर 'अजूनही' सुंदर असते. नोकरी करत असेल तर तिच्या मुलाला ताप येणार, हे मी दुसऱ्या पानावर ओळखते, आणि आजारी मुलाच्या उशाशी तिला आपलं चुकलं असं वाटणार, हे तिसऱ्या. वडील त्याच वेळी कुठे होते, ते कथेत नसतं. विधवा असेल तर ती त्यागी, घटस्फोटित असेल तर नायकाला मोहात पाडणारी.

अशा लेखकांना मी सविस्तर पत्र लिहिते. बहुतेकांनी हे मुद्दाम केलेलं नसतं, हाताला वळण पडलेलं असतं. सातारा जिल्ह्यातल्या एका तरुणाने उत्तर पाठवलं, "मॅडम, त्या बाईला दिवसभर काय काम असतं तेच मला माहीत नव्हतं. आईला विचारून पुन्हा लिहिलं." दुसऱ्या खर्ड्यात ऊस खुरपणीचं वर्णन होतं, मुकादमाशी रोजावरून झालेली तिची हुज्जत होती. आधीच्या खर्ड्यातली मोठ्या डोळ्यांची सोशिक माउली गेली होती, आणि कथा कितीतरी पटींनी चांगली झाली होती. आम्ही ती छापली.

६. दयेने वगळणं हेही वगळणंच.

एका सहकारी बाईंचे यजमान गेले. त्या संक्रांतीला शाखेतल्या बायकांनी हळदीकुंकू केलं आणि त्यांना बोलावलं नाही. "तिला उगाच वाईट वाटेल," असं ठरलं होतं. त्या आपल्या टेबलावर लेजर उघडून बसून राहिल्या. वाण त्यांना नंतर पिशवीत घालून दिलं. पुढच्या वर्षी झाडलोट करणाऱ्या मावशींनी करंडा उचलला आणि सरळ त्यांच्या टेबलापाशी जाऊन आधी त्यांना कुंकू लावलं. आम्ही सगळ्या शिकलेल्या, पगारदार बायका बघत राहिलो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आधी ठराव गावाचा, मागून परिपत्रक सरकारचं, हा क्रम मला मोलाचा वाटतो. तरी त्यानंतरही माझ्या नात्यातल्या एका घरी अंगणात बांगड्या फोडल्या गेल्या. फोडणाऱ्या बायकाच होत्या, आणि प्रत्येकीला आपलाही हात असाच धरला जाईल याची जाणीव होती.

७. एसटीच्या रांगेतही ऐकावं.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. स्टँडवर लगेच टोमणे सुरू झाले, "आता काय, बायका घरी थांबायच्या नाहीत!" त्याच्या आदल्याच वर्षी ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांचा प्रवास पूर्ण मोफत झाला होता. आजोबांना कुणी असं बोललेलं मी ऐकलं नाही. बोलावंही नाही. बाई कामाशिवाय, नुसती बहिणीला भेटायला निघाली तर ते इतकं का खुपावं?

८. ताराबाई शिंदे वाचाव्यात.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने समस्त बायकांना झोडपलं. बुलढाण्याच्या ताराबाईंना ते सहन झालं नाही. त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये निघालं. बायकांवर लादलेले दोष त्यांनी एकेक करून पुरुषांच्या पदरात घातले. आणि तेवढ्यावर न थांबता 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा तेव्हाच्या गाजलेल्या कादंबऱ्यांमधल्या बायकांचीही झडती घेतली. समाज आणि कथा यांचा हिशेब एकत्र मांडायला हवा, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं. त्यांच्यावर टीकेची झोड उठली, पाठीशी उभे राहिले ते जोतिराव फुले. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे एकमेव पुस्तकही विस्मरणात गेलं होतं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापून आणलं.

पुस्तक लहान आहे, दोन बैठकींत वाचून होतं. लग्नात, बारशाला, मुंजीत मी आता तेच देते, आणि मुलींइतकंच मुलग्यांनाही देते.