जुना माणूस परत आला, प्रोबेशन द्यायचं का?

व्हिडिओत हा मुद्दा थोडक्यात आला होता. इथे नीट बघू.

सोडून गेलेला सेल्समन दीड वर्षाने परत येतो. तुम्ही म्हणता, "घरचाच माणूस, उद्यापासून ये." पत्र नाही, मुदत नाही. तीन महिन्यांनी जमेनासं झालं की वाद सुरू. तो म्हणतो मी जुना, तुम्ही म्हणता तू नवीन. कागद कोणाकडेच नाही.

प्रोबेशन म्हणजे जे माहीत नाही ते तपासण्याची मुदत. त्याचा प्रामाणिकपणा, गिऱ्हाइकाशी बोलणं तुम्ही आधीच पाहिलंय. तपासायचं ते मधल्या काळात बदललेलं. रेडीमेड कपड्यांचं दुकान घ्या. पूर्वी 1000 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के जीएसटी होता, त्यावर 12. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 पर्यंत 5 आणि त्यावर 18 टक्के. त्याआधी गेलेला माणूस जुन्या सवयीने बिल सांगणार!

मी सुचवतो ते असं:

1. तेच काम, गॅप वर्षाच्या आत: एक महिना पुरे.
2. तेच काम, पण गॅप मोठा किंवा पद्धत बदललेली: दोन-तीन महिने.
3. नवी जबाबदारी, उदा. सेल्समनचा मॅनेजर: पूर्ण प्रोबेशन, नव्या माणसासारखंच.

भांडून गेला असेल तर प्रोबेशनने ते मिटत नाही. आधी समोर बसून बोला.

नव्या पत्रात चार गोष्टी हव्यातच: नवी जॉइनिंग तारीख, प्रोबेशनची मुदत, काय तपासणार, आणि जुनी सर्व्हिस रजा व ग्रॅच्युइटीसाठी धरणार की नाही. मुदत संपली की कायम केल्याचं पत्रही द्या. गप्प बसू नका.

आता कायद्याचं. "प्रोबेशन आहे, पीएफ नंतर बघू" हे चालत नाही. दुकानाला पीएफ लागू असेल तर तो पहिल्या दिवसापासून, त्याच्या जुन्याच यूएएन नंबरवर. किमान वेतनही पहिल्या दिवसापासूनच. ग्रॅच्युइटी 10 किंवा जास्त कामगार असतील तिथे लागू होते आणि साधारणपणे सलग 5 वर्षं लागतात. खरोखर राजीनामा देऊन गेला असेल तर आधीची 4 आणि आताची 2 मिळून 6 होत नाहीत. पण 5 वर्षं बुडवायला कागदावर दोन दिवस काढून परत घेतलं, तर तो ब्रेक टिकेल या भरवशावर राहू नका.

शेवटचं, या सगळ्यात जो सोडून गेलाच नाही तो बघतोय. परत आलेल्याला जास्त पगार आणि शून्य तपासणी दिलीत, तर सोडून जाणं फायद्याचं हाच धडा तो घेणार.

आजचा गृहपाठ: परत आलेल्या प्रत्येकाची फाइल उघडा. दुसरं जॉइनिंग लेटर आहे का बघा. नसेल तर याच आठवड्यात त्याच्याशी बोलून करून टाका.